काचेआडचे कॅप्टन तुफान

लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला, "वाक! वाक म्हणते ना! आता मार!" पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडलं. माझ्या पाचावर धारण बसली. हातातली साखरेची बरणी तशीच टाकून धावले, दार ढकललं, तर आत माझी नणंद एकटीच. एका हातात लाकडी फूटपट्टी, दुसऱ्या हातात उशी, केस पिंजारलेले. पडली होती ती खुर्ची. टेबलावर टाइपरायटर आणि त्यात अर्धा भरलेला कागद.

"बरी आलीस," वन्सं म्हणाल्या. नवऱ्याच्या या मोठ्या बहिणीला मी वन्संच म्हणत असे आणि त्या मला पहिल्या दिवसापासून चिमणे म्हणत. "इकडे ये, चिमणे. माझा गळा धर."

"काय?"

"गळा गं! मागून, दोन्ही हातांनी. सुटता येतं का ते बघायचंय."

नव्या सुनेनं नणंदेचा गळा धरायचा! माहेरी कळलं असतं तर आईला चक्कर आली असती. मी धरला, अगदी हळूच.

"जोरात! तू गुंड आहेस, पाहुणी नाहीस."

मी जोर लावला मात्र, आणि पुढच्या क्षणी पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होते. वन्संनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या केव्हाच टाइपरायटरपाशी जाऊन खाडखाड बडवत सुटल्या होत्या. पान संपलं तसं त्यांनी ते सर्रकन ओढलं आणि माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं, 'लेखक: कॅप्टन तुफान.'

कॅप्टन तुफान! माझ्या माहेरच्या गल्लीत या माणसाच्या गोष्टींवरून भांडणं व्हायची. 'थरार' साप्ताहिकाचा अंक आला की आमचा वाणी वजन करता करता वाचायचा आणि गिऱ्हाईकाला साखरेऐवजी मीठ द्यायचा. खरखरीत, पिवळट कागद, बोटांना लागणारी शाई, मुखपृष्ठावर आगीतून उडी मारणारा कोणीतरी. बुडणारी जहाजं, बर्फातले दरोडे, विमानाच्या पंखावरच्या मारामाऱ्या. आणि हे सगळं करणारा हा बहाद्दर माझ्यासमोर चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून अनवाणी बसला होता.

"घरात कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला. आईला नाही." मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि कळताही कामा नये. आईला तुफान हवाय गं, मुलगी नको. मुलगी तर तिला रोजच आहे."

ते खरंच होतं. माझ्या सासूबाई कॅप्टन तुफानांच्या जबरदस्त भक्त. अंक आला की चष्मा लावून खिडकीत बसायच्या, वाचताना ओठ हलायचे, मध्येच "अरे मागे बघ, मेल्या!" असं ओरडायच्या. आणि आतून टाइपरायटरचा आवाज आला की कडाडायच्या, "बंद कर ती खडखड! इथे बिचारा विहिरीत अडकलाय आणि हिला कारखान्याची पत्रं सुचतायत!" आत तीच लेक त्या बिचाऱ्याला विहिरीतून बाहेर काढत असायची.

कारखान्याची पत्रंही खोटी नव्हती. वन्सं पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. दिवसभर 'आपला पंप अद्याप पाणी ओढत नसल्याचे वाचून खेद वाटला' असला मजकूर टाइप करायच्या. जोडीला बाहेरची कामं घरी आणायच्या, त्यात 'थरार'च्या लेखकांची हस्तलिखितंही असत. एकदा एका लेखकाच्या गोष्टीचा शेवट प्रवासात हरवला. छपाईची वेळ आली, लेखकाचा पत्ता नाही. वन्संनी शेवट स्वतःच्या मनानं घालून दिला. नायक बोगद्यात, समोरून आगगाडी. यांनी त्याला रुळांमधल्या गटारात आडवा केला आणि वरून गाडी जाऊ दिली. संपादकांनी छापलं. मग त्या लेखकालाच लोकांची पत्रं आली, शेवट काय बहारीचा होता म्हणून. तो सरळ माणूस, संपादकांकडे जाऊन म्हणाला, "ज्यानं हे लिहिलं त्याला शोधा. मला नाही असलं सुचत."

संपादक म्हणजे गोल, गुबगुबीत गृहस्थ. सगळे त्यांना लाडू म्हणत, तोंडावरसुद्धा. ते वन्संना म्हणाले, "गोष्टी लिहा, पण नाव कुणा मर्दगड्याचं लागेल. आमचे वाचक बाईच्या हातून विमान पडू देणार नाहीत."

"नाव हवं ते घाला," वन्सं म्हणाल्या. "गोष्टीला हात लावायचा नाही."

असे कॅप्टन तुफान जन्माला आले. शनिवारी छापखान्याच्या मागच्या खोलीत 'थरार'ची लेखकमंडळी जमत. एक जनावरांचे डॉक्टर होते, ते जंगलातल्या गोष्टी लिहीत. जन्मात वाघ पाहिला नव्हता, पण शेळ्या पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांचा वाघ थोडा शेळीसारखाच वागायचा. एक औषधांचे दुकानदार होते, त्यांच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी विष प्यायचं. आणि एक चित्रकार होता, त्याची गंमत अशी की तो मुखपृष्ठ आधी रंगवायचा आणि मग लेखकांनी त्यावर गोष्ट बसवायची. "या वेळी फुग्याला लटकलेला माणूस आणि खाली मगरी," तो चित्र वर धरून म्हणायचा आणि मंडळी तुटून पडायची. मी वन्संबरोबर जायला लागले. खरं सांगते, तसली मजा मी आयुष्यात दुसरीकडे अनुभवली नाही. एकानं "मगरी झोपलेल्या असतील" म्हणावं, दुसऱ्यानं "मग थरार काय राहिला, डोंबलाचा?" म्हणून टेबलावर मूठ आपटावी. चहा सांडायचा, कागद उडायचे आणि वन्सं कोपऱ्यात शांत बसून एकच वाक्य टाकायच्या, "मगरी फुग्याच्या सावलीला घाबरतात." की संपलं.

अशी दोनेक वर्षं गेली आणि एक दिवस बॉम्ब पडला. 'धडाका' नावाचं दुसरं साप्ताहिक होतं, आमचं कट्टर वैरी. त्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आलं: कॅप्टन तुफान नावाचा माणूसच नाही! परदेशी मासिकांतल्या गोष्टी चोरून 'थरार' वाचकांच्या डोळ्यांत धूळ फेकतो!

गावभर बोभाटा झाला. पेपरवाले अंकांचे गठ्ठे परत आणून टाकायला लागले. लाडू संपादकांनी हाय खाल्ली, जेवण तुटलं, आणि त्यांचं जेवण तुटणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. सासूबाईंनी तर चष्मा उतरवून ठेवला. "चोर असेल तो," एवढंच एकदा म्हणाल्या आणि डोळे पुसले. वन्संचा चेहरा तेव्हा पाहवत नव्हता.

पुढच्या अंकात लाडूंनी न विचारता डाव टाकला. 'येत्या रविवारी कॅप्टन तुफान मुख्य रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानात, काचेच्या आड, सर्वांसमक्ष बसतील. विषय लोकांनी द्यायचा. दिवस मावळायच्या आत संपूर्ण गोष्ट!'

वन्संनी अंक वाचला आणि अंक घेऊनच छापखान्यात गेल्या. मी मागे.

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," लाडू हात जोडून म्हणाले. "सगळी सोय केलीय. टोपी, गॉगल आणि ही मिशी. कोण ओळखतंय!"

वन्संनी मिशी लावून पाहिली. आरशात खरोखरच एक बारका, रागीट कॅप्टन दिसत होता. मग त्याला शिंक आली. दुसरी आली. तिसऱ्या शिंकेला मिशी उडून शाईच्या डब्यात पडली. जनावरांचे डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून घसरले. वन्संही हसल्या आणि हसता हसता थांबल्या.

"मी अशीच बसते," त्या म्हणाल्या. "जे व्हायचं ते होऊ दे."

रविवारी वन्सं, मी, लाडू आणि जनावरांचे डॉक्टर मागच्या दारानं दुकानात शिरलो. काचेला आतून पडदा होता. बाहेर समुद्रासारखा आवाज. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं: या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं, खांबांवर, गॅलऱ्यांत, उभ्या असलेल्या बसच्या टपावर. आणि अगदी पुढे, काचेला नाक लावून, घरून आणलेल्या स्टुलावर बसलेल्या सासूबाई!

"वन्सं, आई!"

"येणारच ती," वन्सं म्हणाल्या. "उघड पडदा."

पडदा उघडला. मग कुणीतरी ओरडलं, "ही कोण? कॅप्टन कुठाय?" शिट्ट्या झाल्या. "टायपिस्ट पाठवलीन रे! चला घरी!" सासूबाई तर काचेवर बोटानं टकटक करून खुणावत होत्या, "अगं, तू होय? तो कधी यायचाय? त्याचं टंकन तू करतेस, आणि मला बोलली नाहीस?"

लाडूंनी दारात स्टुलावर चढून सांगितलं की हेच कॅप्टन तुफान. हशा इतका मोठा झाला की काच थरथरली. 'धडाका'चा संपादक पुढेच उभा होता, उंच, काटकुळा, हातात काठी. तो म्हणाला, "ठीक आहे. बाई तर बाई. विषय द्या लोकहो!"

"माझ्या बसमध्ये घडायला पाहिजे!" बसच्या दारातून एक कंडक्टर गरजला.

"आणि कलिंगडं पाहिजेत!" फळवाली बाई ओरडली. "माझी एवढी पडलीत, नाव तरी होईल!"

"आणि माझी एक अट," काटकुळा संपादक गोड हसला. "बंदूक नाही, सुरा नाही, गुद्दागुद्दी नाही. नायकानं कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही."

मारामारीशिवाय तुफानांची गोष्ट! वन्संनी मान डोलावली, कागद चढवला आणि खाडखाड सुरू झाली. पहिलं पान मी काचेला आतून चिकटवलं. पुढच्यांनी वाचलं, मागचे ओरडले, "आम्हाला दिसत नाही!" तेव्हा तो कंडक्टर गर्दी कापत पुढे आला आणि तिकिटं मागतो त्याच खणखणीत आवाजात वाचायला लागला: "उतार सुरू झाला आणि ड्रायव्हरनं आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. ब्रेक लागत नव्हते!"

बस घाटातून सुटली होती. आत बँकेची पेटी घेऊन निघालेला कारकून, एक गरोदर बाई, कलिंगडांची पोती घेतलेली म्हातारी. ब्रेक कुणी तोडले होते? मागून जी काळी मोटार सावकाश येत होती तिच्यातल्या गुंडांनी. बस दरीत पडायची आणि त्यांनी खाली उतरून पेटी उचलायची. बसचा कंडक्टर हाच नायक, हे कळल्यावर वाचणाऱ्या कंडक्टरची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. शिट्ट्या केव्हा थांबल्या ते कळलंच नाही. पानामागून पान जात होतं. एका वळणावर बसचं मागचं चाक दरीवर तरंगलं तेव्हा गर्दीतून एकच "आई गं!" उमटलं. सासूबाई स्टुलावर उभ्या राहिल्या होत्या.

आणि तिथे टाइपरायटर थांबला.

मी पाहिलं. वन्संची बोटं कळांवर होती पण हलत नव्हती. "चिमणे," त्या पुटपुटल्या, "मी त्यांना वरून सोडलं खरं. पण थांबवू कशी गं?"

बाहेर कुजबुज सुरू झाली. काटकुळ्या संपादकानं काठी जमिनीवर आपटली. "संपलं वाटतं तुफान?"

वन्सं ताडकन उठल्या. दुकानातल्या खुर्च्या ओढून त्यांनी दोन ओळी लावल्या. "चिमणे, बस इथे. तू प्रवासी. लाडू, तुम्ही ड्रायव्हर. डॉक्टर, तुम्ही म्हातारी व्हा." सगळ्या रस्त्यासमोर आम्ही फर्निचरच्या दुकानात बस झालो! गर्दी खदखदून हसायला लागली, पण हसता हसता सरकून जवळही आली. वन्सं ओरडल्या, "वळण! उजवीकडे!" आम्ही सगळे डावीकडे फेकले गेलो. डॉक्टर माझ्यावर आणि मी भिंतीवर. खुर्च्यांची आख्खी ओळ करकरत भिंतीला घासत गेली आणि थांबली.

थांबली!

वन्संनी त्या खुर्च्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या ओरखड्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी विसरणार नाही. त्या टाइपरायटरवर अक्षरशः झेपावल्या. पान भरायची वाट न बघता मी कागद ओढत होते, डिंक हाताला, केसांना, सगळीकडे. बाहेर कंडक्टर गरजत होता: "'एका बाजूला दरी, पण दुसऱ्या बाजूला डोंगर आहे!' कंडक्टर ओरडला. 'सगळे डावीकडे! डोंगराकडे झुका! सगळे!'"

आणि काय सांगू, आख्खा रस्ता डावीकडे झुकला. खरंच झुकला! बसच्या टपावरचे, गॅलरीतले, लेकरं कडेवर घेतलेले, सगळे. कडेची माणसं चहाच्या टपरीवर कोसळली, तरी कुणी शिवी दिली नाही. काचेवर भार आला, काच कुरकुरली. "माझी काच! माझी काच!" दुकानदार ओरडत होता आणि ओरडता ओरडता स्वतःही डावीकडेच झुकला होता. बस डोंगराच्या मातीला घासत, ठिणग्या उडवत, पत्रा फाडत, हळू, हळू, हळू झाली. थांबली. रस्त्यानं श्वास सोडला.

"पण गुंड?" सासूबाई किंचाळल्या. "मागून गुंड येतायत! मागे बघा मेल्यांनो!"

वन्संनी ऐकलं. हसल्या. पुढचं पान चढवलं. म्हाताऱ्या बाईनं पोती सोडली, प्रवाशांनी मिळून कलिंगडं बसच्या मागे रस्त्यावर आपटून फोडली. काळी मोटार वळणावरून आली ती लाल चिखलातच. फुटलेल्या कलिंगडांवरून चाकं अशी घसरली की गुंड स्वतःच गटारात जाऊन उलटे झाले. कुणी कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता.

टाळ्यांचा तो आवाज! फळवालीनं आपली कलिंगडं तिथेच फोडून वाटायला सुरुवात केली. काटकुळा संपादक म्हणाला, "हे आधीच लिहून आणलं असणार."

"काय?" फळवाली हातात सुरी घेऊन वळली. "कलिंगड मी सांगितलं. आणि ती हात न लावायची अट कुणाच्या तोंडून आली, माझ्या?" त्या सुरीकडे बघून असेल किंवा खरंच पटलं असेल, पण त्यानं टोपी काढली आणि काचेसमोर वाकला. त्याच्या पुढच्या अंकात माफी छापून आली, आतल्या पानावर का होईना.

वन्सं बाहेर आल्या तेव्हा माणसं वाट देत होती. समोर सासूबाई उभ्या.

"म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला आठवडाभर विहिरीत ठेवून माझी झोप उडवलीस ती तू?"

"मीच, आई."

"आणि मी तुला खडखड बंद कर म्हणत होते?"

"रोज."

सासूबाईंनी लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवून रडायला लागल्या. रडता रडता शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "माझी मुलगी आहे हो ही. माझी."

सोमवारी वन्सं कारखान्यात गेल्या त्या, आता बाहेरची कामं उघडी पडली, नोकरी गेली असं धरूनच. मोठे साहेब दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी ते बिल थकवलेलं गिऱ्हाईक तुमच्या एका पत्रावर पैसे घेऊन धावत आलं होतं. काय लिहिलं होतं हो त्यात?" वन्सं म्हणाल्या, "तुमचंच पत्र होतं. मी फक्त शेवट बदलला." साहेबांनी त्या दिवसापासून सगळ्या पत्रांचे शेवट त्यांच्यावर सोपवले.

लाडूंनी विचारलं, आता खरं नाव छापू का? वन्संनी नको म्हटलं. "कॅप्टन बाई नसते असं कुठे लिहिलंय? नाव तेच ठेवा, फोटो माझा छापा." तसं झालं. मग बायकांची पत्रं यायला लागली, पोतंभर. एक नर्स, एक मोटार शिकणारी आजी, एक तुरुंगातली पहारेकरीण. काहींनी गोष्टीही पाठवल्या आणि त्यांतल्या दोघी पुढे शनिवारच्या बैठकीत येऊन टेबलावर मुठी आपटायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांचा वाघ त्यांनीच सुधारला.

'थरार' पुष्कळ वर्षं चालला. मग घरोघरी टीव्ही आले, गठ्ठे बारीक होत गेले आणि एक दिवस लाडूंनी, आता ते लाडू राहिले नव्हते, सांगितलं की पुढचा अंक शेवटचा. म्हणाले, "शेवट लटकता ठेवा. कोण जाणे, पुन्हा सुरू करता आला तर."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "वाचकाला दरीवर टांगून दुकान बंद करायचं नसतं."

त्यांनी एका सकाळीत सगळं निस्तरलं. गुंड पकडले, जहाज बंदराला लावलं, सगळ्यांना आपापल्या घरी पोचवलं. अंक छापून आला. सासूबाई तेव्हा फार थकल्या होत्या, भिंग लावून वाचायच्या. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी अंक मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "छान झालं. पण त्या दुसऱ्या जहाजाचं काय झालं गं? बर्फात गेलं होतं ते?"

वन्सं चमकल्या. ते जहाज त्या साफ विसरल्या होत्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मग खुर्ची पुढे ओढून त्या आईजवळ बसल्या. "त्याचं ना," त्या म्हणाल्या, आणि बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, "त्याचं असं झालं, आई, की बर्फाखालून कुणीतरी ठोकत होतं..."